आटवलेली चांदी

"पेढीवरचे काम सोडून स्वतःची कला सुरू केली, दोन वर्षे झाली तरी घरखर्च निघत नाही, माझ्यातच काही कमी आहे का?" शब्द बदलतात, पण हाच प्रश्न चित्रकार, कुंभार, छायाचित्रकार असे अनेक जण समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन येतात. त्याचे उत्तर देताना मला कोल्हापुरातील एका धातुकारागिराची आठवण होते. त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, तो अनुभव येथे सांगते.

त्यांच्या वडिलांनी गुजरी या तेथील सराफ बाजारातील पेढ्यांसाठी आयुष्यभर साजाची पाने घडवली होती. मुलगाही तेथेच शिकला आणि चौतिसाव्या वर्षी चांदी-तांब्याची ठोकीव भांडी स्वतःच्या नावाने करू लागला. झोप लागत नाही आणि घरात विनाकारण चिडचिड होते, या तक्रारीसाठी ते आले. पहिली दोन सत्रे मी जमाखर्चाच्या कागदात घालवली, आणि ती माझी चूक होती. तिसऱ्या सत्रात त्यांनी सहज सांगितले की, न विकलेले भांडे ते रात्री मुशीत घालून आटवतात. सहा महिन्यांत अकरा भांडी अशी गेली होती.

आटवणे हा वेडेपणा नव्हता. धंद्याचेच गणित त्यामागे होते. सराफीत दागिन्याची किंमत प्रथम वजनावर ठरते, घडणावळीवर घासाघीस होते आणि कारागिराची मजुरीही बहुधा वजनावरच, घट म्हणजे घडवताना झिजणारा धातू धरून, मोजली जाते. पैंजणांसाठी ही पद्धत ठीक आहे. पण ठोकताना चांदी कडक होते, ती पुन्हा पुन्हा तापवून नरम करावी लागते, आणि दोनशे ग्रॅमच्या वाडग्यात गेलेले तीस तास तराजूवर दिसत नाहीत. त्यात चांदीचा भाव किलोमागे लाखापलीकडे गेलेला, म्हणजे कपाटातले भांडे त्यांना अडकलेले भांडवल वाटणारच. परिणामी कोणी काम पाहायला मागितले, तर दाखवायला काहीच उरत नसे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घटना आणि तिच्यावरून आपण काढलेला निष्कर्ष वेगळे करून पाहतात. या कारागिरांचा निष्कर्ष त्यांनीच वहीत लिहिला: "विकले नाही म्हणजे भांडे फसले, आणि भांडे फसले म्हणजे मी फसलो." त्याच वहीत प्रत्येक भांड्याचे वजन, जळण आणि तास लिहायला मी सांगितले. महिनाभराने त्यांनाच दिसले की, स्वतःच्या तासाला ते पेढीवरील मजुरीच्या निम्मेही मोल लावत नव्हते. कौशल्य कमी नव्हते, हिशेब अपुरा होता. आणि हिशेब दुरुस्त होऊ शकतो.

वडिलांना एकदा बोलावले. मला विरोधाची अपेक्षा होती. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही वस्तूवर कधी नाव घातलं नाही. नाव घातलं की ती परत येते." मुलाला वडिलांच्या ज्या बोलण्यात तुच्छता ऐकू येई, त्यात भीती होती. अशा वेळी मी समजावण्यापेक्षा मुलाने ऐकणे अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

पेढीवर परत जा किंवा जाऊ नका, असे मी सांगितले नाही. त्यांनीच आठवड्यातील तीन दिवस पेढीचे काम धरले, म्हणजे किराणा आणि शाळेची फी भांड्यांवर अवलंबून राहिली नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सोनारकाम येते आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते, हे त्यांना ठाऊक होते. झोप सुधारेपर्यंत कर्जाचा निर्णय नको, एवढाच माझा आग्रह होता. एक नियम मात्र आम्ही दोघांनी मिळून ठरवला: घडवल्यापासून वर्ष होईपर्यंत कोणतेही भांडे आटवायचे नाही.

शेवटच्या भेटीत कपाटात पाच भांडी शिल्लक होती आणि दोन विकली गेली होती. वर्ष पूर्ण झालेले एक त्यांनी आटवले होते. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "बुडाची बैठक वाकडी होती."