रत्नागिरीजवळ राहतो. लाकडी पॅलेटमध्ये (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीत) गणपतीनंतर कोणती भाजी लावू?

लाल माठ आणि मुळा लगेच पेरा. मेथी, कोथिंबीर, पालक मात्र परतीचा पाऊस संपून ऑक्टोबरचा उकाडा ओसरेपर्यंत थांबवा. कारण साधं आहे: पॅलेटमध्ये माती जेमतेम चार-पाच इंच मावते, म्हणून उथळ मुळांची पालेभाजीच तिथे जोमाने येते. मुळाही पाल्यासाठी कोवळाच उपटायचा, कंद धरायची वाट बघू नका. माठ 25-30 दिवसांत काढणीला येतो आणि उष्णता सोसतो. मेथी-कोथिंबिरीला थंडावा लागतो, शिवाय संध्याकाळच्या गडगडाटी सरीत त्यांची कोवळी रोपं झोडपून आडवी होतात. घाई असेल तर समुद्रमेथी, म्हणजे दाट पेरून कोवळीच कापायची बारीक मेथी, करा. किनाऱ्याला ती वाळूतच पिकवतात, दोनेक आठवड्यांत कापता येते, पॅलेटला याहून सोयीचं पीक मला तरी माहीत नाही. वांगी, मिरची कुंडीतच बरी.

आतून गोणपाट लावा, लाल माती, कुजलेलं शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा समप्रमाणात भरा. पॅलेट थेट जमिनीवर ठेवू नका, खाली चिरे घाला. आपल्याकडची वाळवी ओलं लाकूड सोडत नाही.

एक अट पाळाच: पॅलेटवरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे लाकूड फक्त तापवून कीडमुक्त केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, त्यात खायचं काही लावू नका. शिक्काच नसेल किंवा तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर तेही फुलझाडांना द्या.