खुर्ची घेण्याआधी कोपराची उंची मोजा

प्रश्न : मी घरीच लॅपटॉपवर दुकानांचे हिशोब आणि जीएसटीची कामं करते, रोज सहा-सात तास. माझी उंची 5 फूट 1 इंच. जेवणाचं टेबल 30 इंच, खुर्चीची बैठक 17 इंच. दुपारनंतर खांदे भरून येतात, उजव्या हाताला मुंग्या येतात. चांगली ऑफिसची खुर्ची घेऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. दुखण्याचं मूळ टेबलाच्या उंचीत दिसतं. ताठ बसा, दंड अंगालगत सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावा. माप 25-26 इंचांच्या आसपास भरेल. म्हणजे टेबल चारेक इंच जास्त उंच आहे. त्यामुळे खांदे दिवसभर उचललेले राहतात, मनगटं टेबलाच्या कडेवर दाबली जातात.

आजच करता येईल ते असं : बैठक चार इंच वाढवा. स्पंजची उशी लगेच दबते. त्यापेक्षा सोलापुरी चादरींच्या घट्ट घड्या रचा आणि वर बसून पुन्हा मोजा. आता पाय लोंबतील, मांडीखाली खुर्चीची कड रुतेल. म्हणून पायांखाली दोन विटा आडव्या ठेवून वर फळी टाका. हे टाळू नका. पाठीला टॉवेलची चारेक इंच जाडीची गुंडाळी, कमरेच्या खोलगट भागात.

कायमचं करायचं तर सुताराकडून सरकता कीबोर्ड ट्रे बसवून घ्या, जमिनीपासून साधारण 24 ते 25 इंचांवर. लांबी किमान 28 इंच सांगा. आखूड ट्रेवर फक्त कीबोर्ड मावतो, माउस वर टेबलावरच राहतो आणि उजवा खांदा पुन्हा उचललेलाच.

दोन्ही उपायांत कीबोर्ड आणि माउस वेगळे लागतीलच. लॅपटॉप मग पुस्तकांवर चढवा : पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, अंतर हातभर. बायफोकल चष्मा असेल तर आणखी दोन इंच खाली, नाहीतर हनुवटी वर करून मान आखडते. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. तुमचं काम आकड्यांचं, तेव्हा कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवून आकड्यांची बटणं उजव्या खांद्यासमोर आणा.

मुंग्या कुठल्या बोटांना येतात ते बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता जास्त. करंगळीकडे असेल तर कोपर कडेवर टेकतंय का ते तपासा. मुंग्यांनी रात्री झोपमोड होत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : उन्हाळ्यात स्क्रीनसमोर डोळे चुरचुरतात.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : कूलरचा झोत तोंडावर येतोय का पाहा. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, त्यात वारा डोळे सुकवतो. झोत छातीखाली वळवा. खिडकी बाजूला ठेवा, समोर किंवा पाठीमागे नको. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा.