कोडं, कूट आणि सालईचं झाड

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून विचारणा आली आहे. तिथल्या वाचनालयात चार-पाच जण मिळून अवघड शब्दकोडी सोडवतात आणि आता कापूस या विषयावर स्वतःच एक कोडं रचताहेत. त्यांचे प्रश्न दोन. इंग्रजीत ज्याला क्रिप्टिक म्हणतात, म्हणजे ज्यात उत्तर सुचवणारी ओळ (सूचक) वरवर वाचणाऱ्याला मुद्दाम चकवते, त्या प्रकाराला मराठीत ‘गूढ शब्दकोडं’ म्हणावं की ‘कूट’? आणि कोडं हा शब्द इंग्रजी ‘कोड’वरून आला असं त्यांच्यातले एक जण ठासून सांगतात, ते खरं का?

दुसरं आधी, कारण हे हल्ली जिकडेतिकडे ऐकू येतं. अजिबात खरं नाही. ‘कोड’ हा लॅटिन कोडेक्सचा वंशज. कोडेक्स म्हणजे झाडाचं खोड, मग लाकडी पाट्या, मग पाट्यांची वही, मग कायद्याचा ग्रंथ. सांकेतिक लिपी हा अर्थ पुष्कळ उशिरा चिकटला. आपलं ‘कोडें’ मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात याच अर्थानं आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले की सोयरीक जमवून मोकळं व्हायचं, ही खोड जाईल तेव्हा जाईल.

आता कूट आणि गूढ. क्रिप्टिकचं मूळ ग्रीक, अर्थ ‘लपलेलं’, म्हणून भाषांतरकारांनी ‘गूढ’ उचललं. गूढ हे ‘गुह्’ धातूचं, गुहेतलं, झाकलेलं. पण या प्रकारच्या सूचकात काहीही झाकलेलं नसतं. लागणारा प्रत्येक शब्द समोर उघडा असतो, फक्त तो भलतीच बतावणी करतो. कूट म्हणजे नेमकं तेच: कूटसाक्षी म्हणजे खोटी साक्ष देणारा, कूटनीती म्हणजे डावपेच. गणपतीला लिहिता लिहिता थांबून विचार करावा लागावा म्हणून व्यासांनी महाभारतात ८,८०० कूटश्लोक घातले, अशी परंपरा आहे. त्यांना गूढश्लोक म्हणत नाहीत. अ‍ॅफ्रिट या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये या खेळाचा नियमच सांगून ठेवला: रचणारा बोलतो ते त्याच्या मनात नसलं तरी चालेल, पण मनात आहे ते त्यानं बोललंच पाहिजे. तेव्हा मथळा ‘कूटकोडं’.

खरी गंमत मात्र ‘कोडं’ या शब्दात आहे. काही जाणकार तोही कूटावरूनच आणतात: कूट, प्राकृतात कूड, मग कोडं. हे पटण्यासारखं नाही. कूडचं मराठीत जे व्हायचं ते आधीच झालं आहे, ‘कुडा’. संतवाङ्मयात कुडं म्हणजे खोटं, वाईट. तिथे ‘उ’ टिकला. मग त्याच शब्दाला दुसऱ्या वाटेनं ‘ओ’ कुठून फुटला, याचं उत्तर ही मंडळी देत नाहीत.

उत्तर हेमचंद्र या जैन पंडिताकडे आहे. बाराव्या शतकातल्या त्याच्या व्याकरणात, अपभ्रंश या प्राकृतानंतरच्या भाषेच्या भागात, ‘कौतुक’च्या जागी ‘कोड्ड’ येतो असं स्पष्ट सांगितलं आहे. उदाहरणाचा दोहा असा: हत्ती इतर झाडांवर ‘कोड्डेण घल्लइ हत्थु’, म्हणजे नुसत्या कौतुकानं सोंड घालतो, मन मात्र त्याचं एकाच सल्लईवर. ‘घल्लइ’ म्हणजे आपलं घालतो. आणि सल्लई म्हणजे सल्लकी, मेळघाटातली सालई, जिचा डिंक धूप म्हणून जळतो! या कोड्डचाच आपला ‘कोड’: लाडकोड, कोड पुरवणं. कोडकौतुक हा जोडशब्द तर बाजारहाटसारखा, दोन्हीकडे अर्थ एकच. जुन्या मराठीत ‘कोडिसवाणें’ म्हणजे नवलाचं. कौतुक वाटायला लावतं, विचारात पाडतं, ते कोडं. यात फसवणूक कुठेच नाही. फसवणूक कूटात आहे, म्हणून ‘कूटकोडं’ म्हणताना एकच गोष्ट दोनदा म्हटली जात नाही.

तुमच्या कापसाच्या कोड्याबद्दल. मराठीत चौकटीत अक्षर (जसं ‘वा’) बसतं, त्यातले सुटे वर्ण (व् आणि आ) नाहीत. त्यामुळे उलटापालटीचा नियम आधीच ठरवा. ‘फाटका सदरा, हाच सण (३)’ म्हणजे दसरा: ‘सण’ हा उत्तराचा अर्थ (व्याख्या), ‘फाटका’ ही अक्षरं हलवायची खूण, कंसात अक्षरांची संख्या. स-द-रा ही अक्षरं फक्त हलली. पण ‘वानर’चा ‘नवरा’ अक्षरांनी होत नाही, वर्णांनी होतो. दोन्ही एका कोड्यात मिसळले की सोडवणारा चिडतो, आणि बरोबरच चिडतो. दुसरी चूक सामान्यरूपाची. ‘विसकटलेल्या सदऱ्यात सण’ हे चालणार नाही, कारण ‘रा’चा ‘ऱ्या’ झाला आणि कच्चा मालच बदलला. हलवायचा शब्द प्रथमेतच हवा.

जोडणीचा नमुना तुमच्या घरचाच: ‘समुद्र आणि महापूर, तरी पाणी खारं असलेला तालुका (४)’. दर्या अधिक पूर. खारपाणपट्टा व्याख्येत आपसूक आला. उच्चाराच्या सूचकाला तर वऱ्हाडी म्हणजे खजिना, कारण तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो: ‘वऱ्हाडी तोंडी काळा देह (२)’. उत्तर काया.

विषयाचे शब्द, म्हणजे बोंड, सरकी, रुई, गासडी, पऱ्हाटी, सूचकाशिवाय ठेवणार असाल तर त्यांचं प्रत्येक अक्षर आडव्या-उभ्या दोन्हीकडून तपासता आलं पाहिजे. पऱ्हाटीतला ‘ऱ्हा’ रचताना छळतो. त्यावरून वऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, गाऱ्हाणं असे मोजकेच शब्द जातात. सोडवणाऱ्याला मात्र तीच चौकट सोन्यासारखी: ‘ऱ्हा’ दिसला की अर्धं काम झालं. पाच सूचकांत एकेक अक्षर जादा घालून ‘पांढरं सोनं’ काढायचं असेल तर अनुस्वार धरायचा की नाही हे वरच्या सूचनेत लिहा, नाहीतर लोकांच्या हाती ‘पाढर सोन’ येईल.

आणि सोडवायला एकत्र बसाल तेव्हा जादा अक्षरांचा कागद वेगळा ठेवा आणि तो एकाच्याच हाती द्या. दोन शब्दांवरून विषय ओळखून उरलेले दामटून बसवायचे नाहीत. उत्तर सुचलं पण सूचकातून ते कसं निघतं ही फोड लागत नसेल, तर ते पेन्सिलीनं लिहा.