मुंगळ्यांच्या वसाहतीसाठी मीलवर्मची पैदास

प्रश्न : मी काचेच्या पेटीत मुंगळ्यांची वसाहत पाळली आहे. त्यांच्या खाण्यासाठी घरीच मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) वाढवायला घेतले, पण मे महिन्यात ते बरेचसे मेले आणि पावसाळ्यात कोंड्यावर पांढरट, धुळीसारखे बारीक जीव फिरू लागले. त्याऐवजी मामांच्या द्राक्षबागेतले किडे दिले तर चालतील का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : बागेतले किडे कृपया देऊ नका. द्राक्षांवर हंगामभर औषधांची फवारणी चालते आणि त्यातला थोडासा अंश किड्यावाटे वसाहतीत गेला, तरी राणीच्या जिवावर बेतू शकते. मीलवर्मचीच पैदास करावी. ती नाशिकच्या हवेतही जमते.

मीलवर्म ही एका काळपट भुंगेऱ्याची अळी असून तिला साधारण २५ ते २८ अंश तापमान मानवते. नाशिकचा पारा मे महिन्यात चाळिशीच्या आसपास जातो, आणि एकाच डब्यात दाटीने ठेवलेल्या अळ्यांची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. म्हणून उन्हाळ्यात अळ्या पसरट ट्रेमध्ये विरळ ठेवाव्यात आणि तो ट्रे घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर असावा.

आपण वर्णन केलेले जीव बहुधा धान्यातले माइट आहेत, आणि त्यांचे मूळ ओलाव्यात असते. गिरणीतून आणलेला गव्हाचा कोंडा आधी काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग वापरावा. किडीची पावडर लावलेल्या धान्याचा कोंडा तर मुळीच घेऊ नये. पाण्याची वाटी न ठेवता गाजराची पातळ चकती द्यावी व ती दुसऱ्या दिवशी काढून टाकावी. भुंगेरे स्वतःचीच अंडी आणि कोश खातात, त्यामुळे कोश दिसताच वेगळ्या डब्यात ठेवावेत. ट्रे धान्याच्या डब्यांजवळ नसावा, कारण सुटलेले भुंगेरे तिथे अंडी घालतील.

अळी देताना ती आधी गरम पाण्यात बुडवून मारावी आणि कापून द्यावी. जिवंत अळी लहान वसाहतीतल्या मुंग्यांना चावू शकते. नुकतीच कात टाकलेली पांढरी, मऊ अळी मिळाली तर फारच उत्तम. प्रौढ मुंगीला घन अन्न गिळता येत नाही, आणि प्रथिनांची खरी गरज असते ती तिच्या पिल्लांना. म्हणून पिल्ले किती आहेत ते पाहून तुकडे द्यावेत आणि उरलेले दुसऱ्या दिवशी उचलावेत.