चॅप्टर केस आली म्हणजे युएपीए लागला का?

प्रश्न: नमस्कार वकीलसाहेब, विट्याजवळच्या गावातनं लिहितोय. पुतण्या गणपती मंडळात असतो, मागं मिरवणुकीतल्या भांडणात त्याचं नाव आलं होतं. आता तहसीलदार ऑफिसातनं नोटीस आलीय, वर्षभर शांतता राखायचा बाँड तुझ्याकडनं का घेऊ नये म्हणून. यंदा पोरानं काहीच केलेलं नाही. पारावर कोण म्हणतंय तडीपार करतील, कोण म्हणतंय दहशतवादाचा युएपीए कायदा लावतील. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा असते का हो?

उत्तर: आधी पारावरच्या वकिलांचं ऐकणं बंद करा. ही चॅप्टर केस आहे, म्हणजे शांतता राखायचा बाँड घ्यायची कारवाई, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) १२६. यात गुन्हा सिद्ध करायचाच नसतो, पुढं भांडण होईल अशी भीती असली की जामीनदारासकट बाँड मागता येतो, जास्तीत जास्त एक वर्षाचा. म्हणून ही शिक्षा नाही, पण बाँड द्यायचा हुकूम झाला आणि तो दिलाच नाही तर मात्र आत बसावं लागतं.

तडीपारी वेगळी, ती महाराष्ट्र पोलीस कायद्यातली, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याच राज्यातला असा एक हुकूम रद्द केला आणि हे हत्यार ऊठसूट वापरायचं नाही असं बजावलं. खरं जड प्रकरण म्हणजे एमपीडीए (झोपडपट्टीदादा वगैरेंविरुद्धचा राज्याचा कायदा) किंवा रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा), त्यात खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवतात, आणि आपल्या संविधानाच्या २२ व्या कलमातच लिहिलंय की अटक झालेल्याला मिळणारा वकिलाचा हक्क अशा माणसाला लागू नाही. कारणं कळवावी लागतात, त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, तीन महिन्यांपुढं ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा होकार लागतो, एवढंच काय ते कुंपण. मला विचाराल तर ते फार ठेंगणं आहे.

युएपीए याच्यातलं नव्हेच, तो दहशतवादाचा फौजदारी खटला. पण तिथं चार्जशीटला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते आणि आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन अडतो, त्यामुळं निकालाआधीच वर्षं जातात, म्हणून लोक सगळं एकाच पोत्यात घालतात. गणपतीतल्या हाणामारीला तो लावत नाहीत.

तुम्ही काय करायचं, तर तारखेला हजर राहा, सोबत वकील न्या, इथं तो चालतो. पुतण्यावर नेमकी कुठली माहिती आहे ते नोटिशीतच लिहिलेलं असावं लागतं, ते वाचा. नुसतं जुन्या केसचंच नाव असेल आणि आत्ताचं काहीच नसेल तर तेच उत्तरात लेखी मांडा, आणि दिलेल्या उत्तराच्या कॉपीवर पोच घ्यायला विसरू नका.