"यंदा तुम्ही जा, मी येत नाही"

"मुलगी तेरा वर्षांची आहे. दर फेब्रुवारीत आम्ही आठवडाभर दावोसला स्कीइंगला जातो. यंदा म्हणते, तुम्ही जा, मी मैत्रिणीकडे राहते. हिला आम्ही नकोसे झालोय का?"

झुरिकमधल्या एका मराठी आईने समुपदेशनाच्या ऑनलाइन सत्रात मला हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पुण्यातले पालक हाच प्रश्न कोकणातल्या गणपतीबद्दल विचारतात. वयात येणारं मूल घरच्या रिवाजाला नाही म्हणालं, की आईबाबांना तो नकार स्वतःलाच दिलेला वाटतो.

आईबाबांसमोर मुलगी गप्पच होती. एकटी बोलली तेव्हा कळलं. गेल्या वर्षी पार्सेनवर, म्हणजे दावोसच्या एका स्कीच्या डोंगरावर, बाबांनी तिला निळ्या, म्हणजे सोप्या उतारावरून थेट लाल, म्हणजे मध्यम कठीण उतारावर नेलं. धाकटा भाऊ सुसाट खाली गेला. ही मध्येच पडली आणि रडत तिथेच बसली. बाबांनी खालून व्हिडिओ काढला. तो नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि सगळे हसले. आजीसुद्धा.

स्कीइंगमध्ये भीती वाटली की माणूस नकळत मागे, डोंगराच्या बाजूला झुकतो. वजन मागे गेलं की स्कीची टोकं हलकी पडतात, वळता येत नाही आणि वेग आणखी वाढतो. म्हणजे भीतीच पाडते. अशा वेळी "घाबरू नकोस, ये सरळ" हे सांगून काय उपयोग? शिवाय त्या वर्षी तिची उंची झपाट्याने वाढली होती. या वाढीच्या काळात काही मुलांचा तोल थोडा बिघडतो. "पूर्वी जमायचं, आता नाटकं करते" हे बाबांचं म्हणणं मला म्हणूनच पटलं नाही.

बाबा स्वतः तिशी उलटल्यावर शिकले होते. सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना सहकाऱ्यांच्या स्कीच्या गप्पांत आपल्यालाही बोलता यावं, ही त्यांची मोठी कमाई. ती मुलीने नाकारली, हे त्यांना लागलं होतं. "मग काय घरीच बसू दे?" असं त्यांनी जरा चिडूनच विचारलं. तेही नको. पूर्ण टाळल्याने भीती घट्ट होते, आणि फरपटत नेल्यानेही.

आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. आमच्यासोबत येणार का? पायात स्की घालणार का? पहिल्याला ती चटकन हो म्हणाली. दुसऱ्याचं उत्तर रोज सकाळी तिने द्यायचं. शिकवायला बाबा नाहीत, प्रशिक्षक; तेही निळ्याच उतारावर आणि भावापासून वेगळ्या गटात. तिला विचारल्याशिवाय व्हिडिओ नाही. एक दिवस सगळ्यांनीच स्की बाजूला ठेवून प्रेडा गावापासून खाली बेर्ग्युन गावापर्यंत स्लेजवरून, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवरून, घसरत जायचं. सहा किलोमीटरचा उतार आहे आणि पुन्हा वर न्यायला रेल्वे आहे.

स्कीच्या लिफ्टचा सहा दिवसांचा पास स्वस्त पडतो, हे बाबांचं गणित बरोबर होतं. तरी तिच्यासाठी रोजचं तिकीट काढा, असं मी म्हटलं. पास हातात असला की तो वसूल करायची सक्ती आपोआप येते.

ती दोन दिवस स्कीवर गेली, तिसऱ्या दिवशी नाही म्हणाली. स्लेजवर मात्र भावाला मागे टाकलं आणि तो व्हिडिओ तिनेच ग्रुपवर टाकला. लाल उताराचं नाव अजून कुणी काढलेलं नाही. बाबांनी पुढच्या वर्षीच्या पासचा विषय मात्र काढला आहे.