सरासरीत न दिसणारी माणसं

सार्वजनिक आरोग्याच्या कामात नव्याने जबाबदारी घेणाऱ्या तरुण वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या कार्यक्रमात लसीकरणाचं प्रमाण दरवर्षी वाढतंय. कोण मागे राहिलं असं विचारलं, की वरिष्ठ म्हणतात, आकडे चांगले आहेत, आणखी काय हवं? त्यांना काय सांगू?

सांगू नका, दाखवा. तीच टक्केवारी उत्पन्न, वस्ती, आईचं शिक्षण आणि अपंगत्व यांनुसार फोडून मांडा. कोण सुटलं ते लगेच दिसेल. यात कुणाला दोषी ठरवायची गरज नाही, कारण लक्ष दिलं नाही तर हे असंच घडतं. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लिहून ठेवलंय, की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथेच ती कमी मिळते. आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली, तितकं हे व्यस्त नातं पक्कं होतं. ब्राझीलचे साथरोगतज्ज्ञ सेझार व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याच्या पुढची गोष्ट मांडली. नवा उपाय आधी सुस्थितीतल्या लोकांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे सरासरी सुधारत असतानाच सुरुवातीला दरी रुंदावते, आणि वरच्या थरात सुधारायला फारशी जागा उरली नाही की मग कुठे ती कमी होऊ लागते. तोवर खालच्या थरातली मुलं वाट पाहत असतात, आणि हे मला तरी मान्य नाही. म्हणून नियोजनाच्या पहिल्याच बैठकीत विचारा: ही सेवा सगळ्यांत शेवटी कुणाला मिळेल? त्यांच्यापासूनच सुरुवात का करू नये?

प्रश्न: मी कनिष्ठ पदावर आहे, धोरण माझ्या हातात नाही. मग नेतृत्व कसलं करणार?

दवाखान्याची वेळ, नोंदणीचा फॉर्म, शिबिराची जागा या गोष्टी बहुतेक वेळा तुमच्याच पातळीवर ठरतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दुपारची वेळ देणं म्हणजे तिला दिवसाची मजुरी सोडायला सांगणं. पुढच्या तपासणीला न आलेल्यांच्या नावापुढे ‘हलगर्जी’ असा शेरा मारण्याआधी त्यांना एकदा विचारा, येणं का जमलं नाही. मिळालेली कारणं लिहून वरिष्ठांकडे पाठवा. आणि पाठवत राहा.

प्रश्न: घरं, पाणी, मजुरी हे आपलं काम नाही, असं सहकारी म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००८ साली, आरोग्यातली विषमता कमी करायची तर राहणीमान सुधारा, सत्ता आणि पैशाचं विषम वाटप बदला, असं स्पष्टच सांगितलं. औषध देऊन रुग्णाला त्याच दूषित पाण्याकडे परत पाठवायचं असेल, तर उपचार अर्धवट राहिले.

प्रश्न: सभेला लोक येतात, मान डोलावतात आणि निघून जातात. सहभाग वाढवायचा कसा?

निर्णय आधीच झालेला असला की लोकांना ते बरोबर कळतं. आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्यात म्हटलं आहे. ब्राझीलमध्ये १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांमधल्या निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींना दिल्या. तुमच्याकडे असा कायदा नसला, तरी एखादी छोटी रक्कम किंवा एक निर्णय खरोखर लोकांवर सोपवता येतो. त्यांनी तुमच्या मताविरुद्ध ठरवलं, तरी तो निर्णय पाळा.

प्रश्न: मी ज्या समाजातून आले, त्याच्या वतीने बोलायला प्रत्येक समितीवर मलाच बोलावतात. थकले आहे, पण नाही म्हटलं तर ती जागा रिकामी राहील, अशी भीती वाटते.

ती जागा भरण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यांची आहे, तुमच्या एकटीची नाही. होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारा: कामाचा मोबदला आहे का, आणि मतदानाचा अधिकार आहे का? दोन्ही नसेल तर निःसंकोच नकार द्या. जिथे अधिकार आहे तिथे मात्र एकटीने जाऊ नका. चारचौघांत एकटीने विरोध नोंदवणं फार अवघड जातं. पुढचं निमंत्रण येईल तेव्हा तुमच्यासोबत आणखी एकीचं नाव कळवा, आणि दोघींनाही घ्या असा आग्रह धरा.